बॅरल नसलेलं घर

नागूबाईंचा विश्वास तसा कुणावर चटकन बसतच नसे. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम केलेलं. वॉर्डात कुणी फार गोड बोलायला लागलं, की बाई आधी खाटेखाली वाकून बघणार. त्यामुळे घरांचा एजंट नंदीश गाडीचं दार उघडून "या मावशी, बसा मावशी" करू लागला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

निवृत्तीचा सगळा फंड पणाला लागायचा होता. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा एकुलता एक मुलगा रत्नदीप तीन महिने मागे लागला होता. "आई, पुण्यात एक खोली येत नाही एवढ्यात सोलापुरात दोन घरं येतात. भाडेकरूसुद्धा आधीच राहतायत. तू नुसतं बसून भाडं खायचं." आज तर तो रजा टाकून आला होता. पोरगा साधा, कुणीही गुंडाळेल, ही नागूबाईंची खरी काळजी.

पुणे रस्त्याला, शहर संपतं तिथे, दोन रो-हाऊस एकमेकांना चिकटून उभी होती. एकाला कुलूप. "मंडळी गावाला गेलीत," नंदीश म्हणाला. दुसऱ्याचं दार काव्या नावाच्या तरुण मुलीने उघडलं. नवऱ्याबरोबर दीड वर्षापासून इथेच राहते म्हणाली. नंदीशने भाडेकरार पुढे केला. शिक्के, सह्या, फोटो, सगळं जागच्या जागी. नागूबाईंना तेच खटकलं. इतकं सुतासारखं सरळ त्यांच्या आयुष्यात कधी काही झालंच नव्हतं.

कागद मुलाच्या हातात देऊन त्या थेट मोरीत शिरल्या. मोरी ठणठणीत कोरडी. बॅरल नाही, पिंप नाही, भरलेली साधी बादली नाही. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात बॅरलशिवाय संसार होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

"पानी कशात भरून ठेवतीस गं पोरी?"

काव्याने नंदीशकडे बघितलं. "वर टाकी हाय की मावशी," उत्तर त्यानेच दिलं.

नागूबाईंनी नळ सोडला. नळ खोकला आणि चार तांबूस थेंब टाकून गप्प झाला.

"हितं शेवटचं पानी कवा आलतं?"

"काल," काव्या म्हणाली. "परवा," नंदीश त्याच दमात म्हणाला.

सापडला चोर! नागूबाईंना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बरं झालं आपण आलो, नाहीतर पोराला या भामट्याने लुबाडलंच असतं. त्या बाहेर येऊन रत्नदीपला सांगणार, तोच काव्याने घाईघाईने विकतच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. "घ्या ना मावशी. ऊन लई हाय."

नागूबाईंनी पेला घेतला. कडेला अंगठ्याखाली अक्षरं लागली. 'चि. रत्नदीप व सौ. तेजश्री यांस, आईकडून.' लग्नाच्या आधी भवानी पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात तासभर बसून त्यांनीच सहा पेल्यांवर ती कोरून घेतली होती. हे पेले पुण्यात असायचे, सुनेच्या स्वयंपाकघरात.

नंदीशकडे त्यांनी आता बघितलंसुद्धा नाही.

"रत्नदीप, ही घरं कुणाची हायती?"

त्याने पेला बघितला, आणि मान खाली घातली. "माझीच. दोन वर्षं झाली घेऊन. भाड्याला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. हप्ते झेपत नाहीत, आई."

"मग मागायचंस की रं. न्हाय म्हणले असते व्हय मी?"

"लाज वाटली."

"आन् ह्याची न्हाय वाटली?"

पेल्यातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकावंसं वाटलं, तरी पाणी फेकायचा हात नागूबाईंचा नव्हता. त्यांनी ते उभ्यानेच पिऊन टाकलं, पेला पदराने कोरडा केला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

"उरलेले पाच बी आणून दे मला," त्या म्हणाल्या, आणि एकट्याच रस्त्याकडे चालू लागल्या.