माझ्या टाकीत पेट्रोल कोणी भरले?

मित्रांनो, टपावर लोखंडी कठडा असलेली, करड्या रंगाची, धडधड करत जाणारी एखादी गाडी रस्त्यात दिसली तर तिला हसू नका. ती कदाचित मीच असेन. मी वयाने जुनी आहे, डिझेलवर चालते आणि स्वभावाने संशयी आहे. संशय मात्र जन्मापासूनचा नाही. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी सगळ्यांवर विश्वास टाकणारी होते. जो किल्ली फिरवील तो आपला आणि टाकीत जे पडेल ते आपल्या भल्याचे, एवढेच मला ठाऊक होते.

मला घरी आणले ते अण्णांनी. अण्णा लाकडी सामान बनवायचे. घराच्या मागेच त्यांचे कामाचे ठिकाण होते आणि त्याला लागून पत्र्याची शेड. ती शेड माझी. फळ्या, दरवाजे, कपाटे, पाळणे, काय काय म्हणून मी वाहिले नाही! पॉलिशचा ओला वास अजूनही माझ्या मागच्या सीटमध्ये मुरलेला आहे. कोणी पाहुणा आला की अण्णा माझ्या बॉनेटवर थाप मारून सांगायचे, "मला दोन मुलगे आणि ही एक मुलगी. मुलगी कधी उलटून बोलत नाही."

उलटून बोलला तो थोरला मुलगा. त्याला यंत्रे आणायची होती, अण्णांना रंधा हातातच हवा होता. शेवटी तयार फर्निचर बनवणाऱ्या एका कारखान्यात थोरल्याने नोकरी धरली आणि तो वेगळा राहू लागला. अण्णांनी त्या दिवसापासून त्याचे नाव टाकले. घरात कोणी चुकून ते उच्चारले तर अण्णा ताटावरून उठत. धाकटा मुलगा मात्र अण्णांच्या हाताखाली राहिला. पुढे त्याचे लग्न झाले आणि धाकटी सून घरात आली.

धाकटी बुटकी, चटपटीत आणि हट्टी होती. अण्णांची नजर अधू झाली तेव्हा तिने गाडी शिकून घेतली. तिला पेडलपर्यंत पोचण्यासाठी सीट पार पुढे ओढावी लागे. अण्णा शेजारी बसत आणि प्रत्येक वळणावर आपला पाय रिकाम्या जागी दाबत, जणू ब्रेक त्यांच्याच बाजूला होता. सुनेच्या हातात गाडी म्हणजे जिवावरचा खेळ, असे त्यांचे ठाम मत होते.

एका दुपारी धाकटा एकटाच मला घेऊन निघाला. घरी धाकटी नव्हती, अण्णा झोपले होते. तो कोणाला काही बोलला नाही. लाकडाच्या वखारीकडे जायचे तर डावीकडे वळावे लागते, आम्ही उजवीकडे वळलो. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. एका अनोळखी इमारतीसमोर मला उभे करून तो वर गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याच्या कपड्यांना जंतुनाशकाचा वास येत होता, आणि किल्ली हातात घेऊन तो नुसता बसून राहिला.

परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पंपावर तो थांबला. पंपावरच्या माणसाने विचारले, "पेट्रोल ना?"

धाकट्याचे लक्ष कुठे होते कोण जाणे. "हं," म्हणाला.

मित्रांनो, पेट्रोलच्या गाडीत डिझेलची जाड नळी सहसा शिरत नाही, त्यामुळे माणूस वेळीच शुद्धीवर येतो. माझे नशीब उलटे. पेट्रोलची बारीक नळी माझ्या तोंडात अलगद गेली. पहिल्याच घोटाला मला कळले की हे आपले नव्हे. पण गाडीला ओरडता येत नाही. नळ्यांमध्ये उरलेल्या जुन्या डिझेलवर मी कशीबशी शेडपर्यंत पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघाली. पुलाच्या चढावर मी आचके देऊ लागले. पोटात खडखड सुरू झाली, दम तुटला आणि ऐन मध्यावर मी बंद पडले. मागे भोंग्यांचा गदारोळ. धाकटी म्हणाली, काहीतरी बिघडले आहे, आता चालू करायला नको. अण्णा ऐकतात थोडेच! मार अजून स्टार्टर, मार अजून, असे त्यांनी लावून धरले. दर वेळी किल्ली फिरली आणि दर वेळी ते विष माझ्यात आणखी खोल उतरले.

दोरी बांधून मला गॅरेजात नेले. मेकॅनिकने टाकीचे झाकण काढले, नाक जवळ नेले आणि तोंड फिरवले. डिझेलच्या गाडीत पेट्रोल कोणी भरले, असे त्याने विचारले. अण्णांनी सरळ धाकटीकडे पाहिले.

"मी पंपावर गेलेच नाही," ती म्हणाली.

"मग गाडी आपल्या पायांनी गेली होती का?"

संध्याकाळी धाकटा आला. सगळे ऐकून घेतले, पंपावरच्यांचा काही भरवसा नाही असे काहीतरी पुटपुटला आणि माझ्या चाकाकडे पाहत उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहत होते. एक शब्द बोलला असता तर बायकोवरचा आळ टळला असता. तो बोलला नाही. अण्णांनी किल्ली आपल्या खिशात टाकली आणि सुनेने यापुढे गाडीला हात लावायचा नाही असे फर्मान काढले.

टाकी रिकामी झाली, फिल्टर बदलला, इंजिनातला डिझेलचा पंप खोलून पुन्हा बसवला. मी घरी आले, पण ते घर पहिल्यासारखे नव्हते. अण्णा सुनेवर डोळा ठेवून होते. सून पंपावरच्या माणसावर चरफडत होती. मग एका दुपारी धाकटा शेडमध्ये फळ्या उतरवत असताना ती येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी सकाळी मला सीट पुढे ओढावी लागली होती," ती म्हणाली. "आदल्या दिवशी मी ती पुढेच सोडली होती."

"मेकॅनिकने सरकवली असेल."

"मेकॅनिकच्या आधीचं सांगतेय मी."

धाकटा फळी खांद्यावर घेऊन निघून गेला. त्याच्या जाण्यानेच तिला उत्तर मिळाले. पण नवऱ्याने पेट्रोल भरले, एवढ्याने तिचे समाधान होईना. चूक कोणाचीही होते. लपवावी का लागली? आता ती त्याच्या शर्टांचा वास घेऊ लागली. फोन आला की तो अंगणात का जातो, हे पाहू लागली. पेट्रोल कोणी भरले हे मला तर ठाऊक होते, तरी मीही धास्तावले. संशय असा असतो, मित्रांनो. ज्याला खरे माहीत असते त्यालाही तो पोखरतो.

पुढच्या वेळी धाकट्याने अण्णांकडून वखारीसाठी म्हणून किल्ली मागून घेतली आणि मला बाहेर काढले, तोच ती दार उघडून शेजारी बसली. "चल. तू चोरून जातोस तिकडे कोण आहे, मला पण बघायचंय."

 गल्लीच्या टोकाशी त्याने मला कडेला घेतले आणि इंजिन बंद केले.

"दादा आहे," तो म्हणाला. "मशीनवर हात गेला त्याचा. दोन बोटं गेली. अण्णांना कळू देऊ नको, अशी शपथ घातली त्याने मला. त्या दिवशी पहिल्यांदाच बघितला तो हात. नंतर पंपावर काय विचारलं, मी काय बोललो, मला काही आठवत नाही."

 धाकटीला रडू येत होते आणि रागही. शेवटी म्हणाली, "शपथ त्याची. बोलणी मात्र मी खाल्ली."

"हो."

"आता घरी चल. मी सांगणार नाही. तू सांगायचंस."

त्याने सांगितले. शेडच्या भिंतीपलीकडून मी ऐकले. अण्णांचा रंधा थांबला. ते ओरडतील असे मला वाटले होते, पण नुसता भुसा झाडल्याचा आवाज आला. मग ते शेडमध्ये आले, खिसे चाचपले, किल्ली काढून सुनेसमोर धरली. "तू चालव," एवढेच म्हणाले. माफी वगैरे काही नाही. अण्णांच्या तोंडून तेवढेच खूप होते.

त्याच अनोळखी इमारतीसमोर आम्ही थांबलो; थोरला तिथे वर राहत होता. थोरला खाली आला. पट्टी बांधलेला हात त्याने पाठीमागे धरला होता. अण्णांनी तो ओढून पुढे घेतला, मनगटाला धरून उजेडाकडे वळवला आणि एखाद्या फळीची चीर पाहावी तसे निरखत राहिले.

"लाकूड मशीनमध्ये हाताने ढकललंस? फळीच्या तुकड्याने नाही?"

"घाईत होतो, अण्णा."

"पात्यासमोर बोट न्यायचं नाही, शिकवलं होतं मी तुला."

"हो."

अण्णांनी हात सोडला. "ड्रेसिंगला कोण नेतं?"

"मीच जातो. बसने."

"गाडी आहे घरात," अण्णा म्हणाले आणि मागचे दार उघडून बाजूला झाले.

मित्रांनो, आजही पंपावर नळी जवळ आली की माझ्या अंगावर काटा येतो. कोणती नळी, कोणाच्या हातात, धनी जागा आहे की नाही, हे मी आधी पाहते. तुम्हीही पाहा. टाकी उघडण्याआधी एकदा मोठ्याने विचारा. आणि चुकून भलतेच काही आत गेलेच, तर किल्लीला हात लावू नका, दुसऱ्यावर ढकलू नका. "माझ्याकडून झालं" असे तिथल्या तिथे सांगून टाका. मेकॅनिक टाकी धुऊन देतो. बाकीचे धुवायला माणसांनाच बसावे लागते.

थोरला त्या दिवशी मागच्या सीटवर बसला. धाकटीने आरसा ठीक केला, गियर टाकला, आणि पहिल्या वळणावर अण्णांचा पाय रिकाम्या जागी दाबला गेला नाही.