मालनचा उपास

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी! शब्दन् शब्द खरा आहे. आगगाडी दिसली की लोक अजून हात जोडायचे, तेव्हाची ही गोष्ट.

"नारळ परत ने बाई," कोपरीतल्या एका दारात विश्राम ओरडला. "पोरगी देव नाही, आजारी आहे!"

विश्राम सरकारी देवी टोचणारा, म्हणजे देवीच्या रोगाची लस देणारा. दंडावर सुई लावायची, वहीत नाव लिहायचं, की पुढचं घर. त्याला बघून पोरं माळ्यावर चढत. एकदा तर एक म्हैस खुंट्यासकट पळाली, ती थेट ठाकुर्लीला सापडली.

हे घर सहदेवचं. त्याची मालन तेरा वर्षांची, लग्न झालेली, वर्षभरात सासरी जायची होती. आधी तिनं सोमवार धरला, मग चतुर्थी, मग एकादशी, आणि मग सगळेच वार. आता हातात बांगडी ठरत नव्हती, आणि आळीतल्या बाया तिच्या पाया पडत होत्या.

"लेकीत जगदंबा आलीय माझ्या," सहदेव म्हणाला. "तुम्ही टोचा नि चालते व्हा."

"तुमच्या घरात आधी कुणी असं अन्न सोडलेलं?"

चुलीपाशी बसलेली त्याची बायको रतन हळूच म्हणाली, "आमच्या वन्सं, शेवंती. पंधराव्या वर्षी गेल्या."

म्हणजे रक्तातच आहे, विश्रामला वाटलं. पण वहीत मालनखाली तिच्या जुळ्या बहिणीचं नाव होतं, शालू. ती तान्हेपणापासून कळव्याला मावशीकडे. रक्त तर तेच. मग तिचं काय?

दुसऱ्या दिवशी तो होडीनं खाडी ओलांडून गेला. शालू सुकटीबरोबर भाकरी हाणत बसलेली.

"हिनं कधी जेवण सोडलं नाही ना?"

"सोडलं की!" मावशी म्हणाली. "दिवाळीनंतर. भूकच मेली म्हणे."

"मग काय केलंत?"

"काय करणार? पाया पडले नाही आणि मारलंही नाही. पेजेची वाटी घेऊन शेजारी बसायचे आणि गावभरच्या चहाड्या सांगायचे. सुटलं हळूहळू."

विश्राम तसाच उलट्या पावली कोपरीला आला.

"वहिनी, ठिणगी रक्तातली आहे. दोघी बहिणींत आहे. पण इथं सगळ्यांनी मिळून फुंकर घातली."

रतननं पदर तोंडाला लावला. "म्हणजे मीच मारतेय होय तिला?"

"तुम्हाला ठिणगी दिसली नव्हती. आता दिसली ना?"

"अहो, पण लोक काय म्हणतील?" सहदेव चिडला. "चार गावांतून दर्शनाला येतात!"

"वन्संच्याही दर्शनाला यायचे," रतन उठत म्हणाली. "खांदा द्यायला मात्र चौघंच आले. मी नेते पोरीला कळव्याला."

कळव्यात मालनच्या पाया कुणी पडलं नाही. ताटाकडेही कुणी बघितलं नाही. शालू तिला चिडवायची, मावशी चहाड्या सांगायची. दहाव्या दिवशी मालननं पेजेची वाटी तोंडाला लावली आणि तोंड वाकडं केलं. "मावशे, मीठ कुठाय गं यात?"

बरं, एक कबूल करते. ते दहा दिवस माझ्या पदरचे. दोन वर्षं लागली पोरीला. मधे दोनदा घसरली, एकदा तर वैद्यानंही हात टेकले. पण रतन दर सोमवारी होडीत बसून जायची, लेकीच्या शेजारी पान मांडायची, आणि तिच्या पानाकडे न बघता आपलं जेवायची.