धुण्यात गेलेले नऊशे मिलिग्रॅम

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणत. वीस वर्षं तिने तिथली काचभांडी घासली होती, आणि तिच्या हातून गेलेल्या भांड्याला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. आज मात्र ती टेबलापाशी परीक्षार्थी म्हणून उभी होती. पास झाली तर प्रयोगशाळा सहायक. नापास झाली तर पुढच्या वर्षी वयात बसत नव्हती, म्हणजे निवृत्तीपर्यंत घासणीच.

प्रयोग तसा सोपा. दोन द्रावणं मिसळून लेड क्लोराइडचा पांढरा साका पाडायचा, गाळायचा, धुवायचा, वाळवायचा आणि वजन करायचं. गणिताने पाच ग्रॅम यायला हवे होते. काटा म्हणाला, चार पूर्णांक शून्य पाच. म्हणजे एक्क्याऐंशी टक्के.

मावशीने टेबल न्याहाळलं. काही सांडलं नव्हतं, गाळणकागदही फाटला नव्हता.

स्टोअरकीपर हळूच जवळ आला. "मावशी, थोडं पाणी शिंपडा आणि परत ठेवा काट्यावर. वजन भरेल. कोण बघतंय?"

माणूस भला होता, हीच पंचाईत.

"मी बघतेय ना," ती म्हणाली आणि खरा आकडा वहीत लिहून मोकळी झाली.

परीक्षकांनी आकडा पाहिला. "नव्वदच्या खाली आलं तर कारण द्यावं लागतं, तेही आकड्यांत. नाहीतर नापास. बाकीचं कुठे गेलं?"

"शोधते, सर."

गाळणीखालच्या भांड्याकडे नजर गेली आणि तिने कपाळावर हात मारला. पुस्तकात लिहिलं होतं, दहा मिलिलिटर पाण्याने धुवा. तिने शंभर मिलिलिटरची बाटली दोनदा रिकामी केली होती. दुसरं कोणी असतं तर थेंबभर पाणी फिरवून चहाला गेलं असतं. हिने मन भरेपर्यंत धुतलं!

महिनाभर लेक तिला हीच गणितं शिकवत होती. "आई, अजिबात विरघळत नाही असं काही नसतं गं. थोडं तरी जातंच."

कोष्टकातून तिने विद्राव्यता गुणाकार घेतला, म्हणजे पाण्यात किती विरघळेल ते ज्यावरून काढतात तो आकडा. एका लेडमागे दोन क्लोराइड, म्हणून चारने भागलं, घनमूळ काढलं, ग्रॅम केले. लिटरला साडेचार ग्रॅम. दोनशे मिलिलिटरला नऊशे मिलिग्रॅम. तिने ते चार पूर्णांक शून्य पाचमध्ये मिळवले. चार पूर्णांक पंच्याण्णव.

परीक्षकांनी कागद दोनदा वाचला. "एवढं का धुतलंत?"

"सवय, सर. भांडं धुताना पाणी कोण मोजतं?"

"पुन्हा करायचं झालं तर?"

"दहाच मिलिलिटर, गार, आणि त्यात चिमूटभर मीठ. पाण्यात आधीच क्लोराइड असलं की साका विरघळायला कुरकुर करतो."

परीक्षक हसले नाहीत. "वजनाचे शून्य गुण," ते म्हणाले. मावशीने मान खाली घातली. "गणिताचे आणि कारणाचे पूर्ण. पास आहात. मुलांना शिकवाल तेव्हा हाच कागद दाखवा. आज नव्याण्णव टक्केवाले चौघे आहेत. आपला एक टक्का कुठे गेला, हे त्यातल्या एकालाही सांगता आलं नाही."

मावशीला रडू आलं. चारचौघांत आलं, आणि तिने ते पुसलंही नाही.