बसलेल्या माणसाचे माप

माझ्याकडे पाहून तुम्हाला हसू आले तरी मी रागावणार नाही, मित्रांनो. कमरेच्या वर मी शर्ट आहे, ताठ कॉलरचा. कमरेखाली मात्र गाऊन आहे, सैल आणि वापरून मऊ झालेला. बाह्या तर इतक्या लांब की घालणारी उभी राहिली की तिची बोटे दिसत नाहीत. मी जुना आहे. पण मला हे रूप ज्यांनी दिले त्या आता नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल सांगावेसे वाटते.

सुरुवातीला आम्ही दोघे होतो. एकाच ताग्यातले, निळ्या सुती कापडावर बारीक पांढरी फुले असलेले दोन गाऊन. ताथवड्याच्या एका उंच इमारतीत आम्ही राहत होतो. तिथल्या बाईंनी दोन उन्हाळे आम्हाला घातले आणि मग एका सकाळी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला. त्या बोहारणीचे नाव विमलबाई. रविवारी त्या पिंपरीत रस्त्याच्या कडेला चादर अंथरून, धुतलेले जुने कपडे विकायला बसत.

तिथे गिरजाबाई आल्या. बाकीच्या बायका आमची फुले बघत होत्या. गिरजाबाईंनी मला उलटे केले आणि शिवणीवरून आपला खरखरीत अंगठा फिरवला.

"आगं, गाऊन हाय त्यो, तुज्या कंपनीतली मोटार न्हाई," विमलबाई म्हणाल्या.

"शिवण सगळीकडं सारखीच असते. दोन्ही दे. एक फाडून दुसऱ्याला कॉलर आणि बाह्या लावते. आमच्या मिनलला पाहिजे. वरून ऑफिस, खालून घर."

"मग खालच्या अर्ध्याला पगार कोण देनार?"

गिरजाबाई मोठ्याने हसल्या. ते हसू मला अजून ऐकू येते.

गिरजाबाई एकोणीस वर्षे चाकणच्या एका कंपनीत मोटारीच्या सीटची कव्हरे शिवत होत्या. पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवी आणि त्या डबा घेऊन धावत. त्यांची मुलगी मिनल घरूनच काम करी. दोन खोल्यांचे घर, वर पत्रा, पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचे टेबल. घरात ती गाऊनवरच असे. पण मीटिंगमध्ये कोणी "कॅमेरा ऑन करा" म्हटले की ती धडपडत गाऊनवर शर्ट चढवी. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याखाली, अंगावर दोन-दोन कपडे. तिच्या मानेवर घामोळे उठले होते. शिवाय दिवसभर टेबलाच्या कडेवर हात टेकून तिच्या मनगटांवर लाल रेघा उमटत. मिनल याविषयी कधी बोलली नाही. गिरजाबाईंनी ते पाहिले होते.

माझे माप कसे घेतले गेले ते मी स्वतः पाहिले आहे. मी शिलाई मशीनवर घडी होऊन पडलो होतो. मिनल टेबलाशी बसून कोणाला तरी इंग्रजीतून काही समजावत होती. गिरजाबाई टेप घेऊन मागून आल्या. त्यांनी तिच्या खांद्यावर टेप ठेवला, वाकलेल्या कोपरावरून तो फिरवला आणि मनगटापर्यंत नेला. मिनलने आवाज बंद केला आणि वळून म्हणाली, "मम्मी, कॉल चालू आहे ना! नंतर घे."

"तू बोल गं तुझं. माझं झालं."

मशीनपाशी येऊन त्या मला कापता कापता स्वतःशीच म्हणाल्या, "रिकाम्या सीटवर कव्हर छानच दिसतं. माणूस बसला की कळतं. माप बसलेल्या माणसाचं घ्यावं."

मित्रांनो, हे वाक्य मी ऐकले. मिनलने ऐकले नाही.

माझ्या जोडीदाराच्या कापडातून माझी कॉलर झाली, बाह्या झाल्या. प्रत्येक शिवणीवर गिरजाबाईंनी सीट कव्हरला घालतात तशी दुहेरी शिलाई घातली. उजव्या बाहीची पट्टी पक्की झाली. डाव्या बाहीला पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले आणि पहाटे, बस यायच्या आधी, मला मिनलच्या अंगावर चढवले. मिनल झोपेतून नुकतीच उठून उभी होती. तिने हात खाली सोडले आणि तिची बोटे माझ्यात बुडाली.

"मम्मी, अगं बुजगावणं दिसतेय मी! बाह्या बघ ना!"

"थांब, तू आधी..." गिरजाबाई म्हणाल्या, तेवढ्यात हॉर्न वाजला. "आल्यावर दाखवते तुला," म्हणत त्या गेल्या.

दुपारी कंपनीत त्यांना चक्कर आली. तिथून त्यांना दवाखान्यात नेले. नऊ दिवसांनी भिंतीवर बुद्धांच्या तसबिरीशेजारी त्यांचा फोटो लागला.

पुढचे एक वर्ष मी कपाटात होतो. मिनल अधूनमधून मला बाहेर काढी, डाव्या बाहीच्या पांढऱ्या टाक्यांवरून बोट फिरवी आणि पुन्हा त्याच घडीवर घडी घालून ठेवून देई. मला ती जपत होती. पण मला जपून घ्यायचे नव्हते. मला उन्हात दोरीवर लटकायचे होते, घामाने भिजायचे होते, टेबलाच्या कडेवर घासून झिजायचे होते. बाहेरून मला तिच्या मीटिंगचे आवाज येत. "एक मिनिट हं," ती म्हणे, आणि शर्ट चढवल्याची सळसळ ऐकू येई. ज्या कामासाठी मी शिवला गेलो, ते काम चार पावलांवर चालले होते आणि मी अंधारात घडी होऊन पडलो होतो. त्या खरखरीत अंगठ्याची मला फार आठवण येई. तिलाही येत असणार. आम्ही दोघेही एकाच बाईंची वाट पाहत होतो.

वर्ष झाले त्या दिवशी मिनलने फोटोसमोर मेणबत्ती लावली, मला पिशवीत घातले आणि गल्लीच्या टोकाला उद्धवराव शिंप्यांकडे गेली. तिने मला ड्रेसवरूनच चढवले आणि हात खाली सोडून उभी राहिली.

"माप चुकलंय की, ताई," उद्धवराव म्हणाले. "बाह्या तीन बोटं लांब हायेत. कुनी शिवलाय?"

"आईने." मिनल जरा थांबून म्हणाली, "सीट कव्हर शिवायची ती."

"तरीच! शिलाई बगा की, सात पिढ्या उसवायची न्हाई. पन माणसाच्या कपड्याचा हात येगळा आसतो." त्यांनी दोन्ही बाह्यांवर खडूने रेघ ओढली. "हितनं कापू?"

मिनलने मान हलवली. "कापा."

माझे तोंड असते तर मी ओरडलो असतो. ती रेघ गिरजाबाईंच्या हातावरून जात होती.

उद्धवराव कात्री शोधू लागले. तेवढ्यात मिनलच्या फोनवर ऑफिसातून मेसेज आला. ती समोरच्या स्टुलावर बसली, फोन दोन्ही हातांत धरला, कोपरे वाकवली आणि उत्तर लिहू लागली. माझ्या बाह्या हळूहळू वर सरकल्या आणि तिच्या मनगटांवर, जिथे त्या लाल रेघा असत, नेमक्या तिथे येऊन थांबल्या.

तिची बोटे थबकली. तिने हात सरळ केला. मी बोटांवर आलो. तिने हात वाकवला. मी मनगटावर गेलो. पुन्हा एकदा तसेच केले.

"काका, कापू नका."

उद्धवराव कात्री घेऊन जवळ आले, वाकून बघू लागले. "आयला! हे उभ्या माणसाचं माप न्हाईच की. हे बसलेल्याचं हाय."

"मी कॉलवर होते," मिनल म्हणाली. "ती टेप घेऊन आली होती. मी तिला नंतर घे म्हटलं."

उद्धवरावांनी कात्री खाली ठेवली. डाव्या बाहीचे कच्चे टाके त्यांनी बोटाने चाचपले. मग म्हणाले, "ही डावी तेवढी पक्की करून देऊ का?"

"नको. ती मी करते."

घरी येऊन तिने गिरजाबाईंच्या मशीनवर डाव्या बाहीची पट्टी शिवली. शिलाई थोडी वाकडी आली. मग पांढरा कच्चा दोरा एका टोकाला धरून तिने सावकाश ओढला. तो तुटला नाही, अखंड बाहेर आला. तिने तो बोटाभोवती गुंडाळला आणि सुयांच्या डबीत ठेवला.

आता रोज सकाळी मी तिच्या अंगावर असतो. कॅमेरा सुरू होतो आणि ती धडपडत नाही. खडूची रेघ धुऊन धुऊन पुसट झाली आहे. माझी कोपरे विरू लागली आहेत, आणि याचाच मला आनंद आहे.

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी घरी काही शिवले असेल तर ते कपाटात जपू नका. आणि ते चुकले आहे असे वाटले तर कात्री लावण्याआधी, ज्या कामासाठी ते शिवले ते काम त्यात एकदा करून बघा.

दुपारी मीटिंग संपते आणि मिनल चहा टाकायला उठते. माझ्या बाह्या घसरून तिच्या बोटांवर येतात. ती त्या दुमडत नाही. बाहीतूनच पातेल्याची कड धरते आणि चहा उतरवते.