मास्तरांची रोजची झाडलोट

कटिंग मास्तरांचा हात म्हणजे हात. त्यांनी कापलेल्या कापडाला पुन्हा मापाची पट्टी लावायची कारागिरांना कधी गरजच पडली नाही. पण गेल्या महिन्यात त्याच हाताने दगा दिला. जाड कापडाचे थर कापताना बोटं मध्येच ढिली पडली आणि एका गिऱ्हाइकाची डावी बाही शिवण्याआधीच आखूड झाली. मास्तरांनी कापड बदलून दिलं, पण त्यांची झोप उडाली. पोटऱ्यांत गोळे येत, जिना चढताना पाय लटपटत. हात कायमचा गेला तर? कापड कापण्याखेरीज त्यांना जगात काही म्हणजे काही येत नव्हतं, साधा चहासुद्धा.

शेवटी बायकोने त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी रक्त तपासायला दिलं, ईसीजी काढला आणि रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तो दोनदा वाचला.

"काका, पोटॅशियम बरंच कमी झालंय. हातापायांतली ताकद त्यानेच जाते. जुलाब होतात का?"

"छे!"

"पोट साफ व्हायला गोळ्या घेता?"

"गोळीला मी हात लावत नाही." मास्तर ताठ मानेने म्हणाले. हे अगदी खरं होतं.

बायकोने घसा खाकरला. "अहो, सकाळचं सांगा की."

मास्तरांनी तिच्याकडे डोळे वटारले. कान मात्र लाल झाले.

"मग मीच सांगते, मॅडम. हे रोज सकाळी एनिमाची पिशवी खिळ्याला टांगतात. दोन लिटर पाणी! आठ महिने झाले. पाऊण तास बाथरूम अडवतात आणि आम्ही बाहेर ताटकळतो."

त्याचं असं झालं होतं, की एका तपासणीआधी इस्पितळात नर्सने मास्तरांना एनिमा दिला आणि त्यांना कमालीचं हलकं वाटलं. दुकानात ते टेबल झाडल्याशिवाय कापडाला हात लावत नसत. पोटाचंही तसंच असणार, असं त्यांनी आपल्या मनाने ठरवून टाकलं.

"रोज?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रविवारी दोनदा," मास्तर खाली मान घालून म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "काका, त्या पाण्याबरोबर शरीरातले क्षारही वाहून जातात. हृदयाचे ठोकेसुद्धा बिघडतात. तुमचा ईसीजी ठीक आहे, हे नशीब समजा."

"मग आठवड्यातून एकदा घेऊ?" मास्तरांनी घासाघीस केली.

"त्याला ठरलेला वार नसतो. तीन-चार दिवस पोट अडलं तर आधी मला विचारायचं. मी सांगितलं तरच एकदा घ्यायचा, आणि सांगेन तेवढंच पाणी. कोमट हं, गरम नाही. नळीला जेली लावायची, डाव्या कुशीवर झोपायचं, जोर करायचा नाही. दुखलं किंवा रक्त दिसलं की तिथेच थांबायचं आणि इकडे यायचं. एरवी पोट आपलं आपण साफ होतं."

मास्तरांना खरं तर एकच विचारायचं होतं. "आणि हात?"

"हातात ताकद परत येईल की! आजच औषध सुरू करू. परवा पुन्हा रक्त तपासू."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. हसावं की रडावं, कळेना. म्हणून ते बायकोवरच उखडले. "आधी का नाही बोललीस?"

"तुम्हीच शपथ घातली होतीत!"

पुढचे चार दिवस पोटाने रुसवा धरला. मास्तर फळं खात, पाणी पीत, गल्लीत येरझारा घालत आणि न्याहारी झाली की बाथरूममध्ये जाऊन आशेने बसत. पाचव्या दिवशी ते परीक्षा पास झाल्यासारखे बाहेर आले. बायकोने नुसत्या भुवया उंचावल्या. त्यांनी नुसती मान डोलावली.

तिसऱ्या आठवड्यात रिपोर्ट चांगला आला. त्या दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा मास्तर कोटाचं कापड कापत होते. ती दारातच श्वास रोखून उभी राहिली. कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेली.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"मला वाटलं होतं, हा हात आता तुझ्या खांद्यावर टेकण्यापुरताच उरणार."

"तिथेही टेकत जा अधूनमधून," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याला डॉक्टरांना विचारावं लागत नाही."