सदतीस डोकी

लोकांना लांबचं दिसावं म्हणून भिंगरी सात वर्षं चष्म्याच्या काचा घासत होती. स्वतः मात्र तिने दुकानाच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापलीकडे फारसं काही पाहिलेलं नव्हतं. भिंगरी हे तिचं घरचं नाव. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आईने ठेवलेलं, आणि मोठेपणी चिकटून राहिलेलं. एका जागी न बसणाऱ्या मुलीला सात वर्षं एका स्टुलावर बसावं लागलं, तर तिच्या डोक्यात काहीतरी शिजणारच. भिंगरीच्या डोक्यात शिजत होता तो बसचा रस्ता. घराजवळच्या स्टँडवरून निघायचं आणि बस बदलत बदलत, पाच देश ओलांडून, जिथे रस्ता संपतो आणि समुद्र सुरू होतो तिथे उतरायचं. विमान नाही, आगगाडी नाही, फक्त बस. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. बस परवडत होती, हेही खरंच.

दोन वर्षं तिने तयारी केली. त्या रस्त्यावर बहुतेक ठिकाणी चालणारी एक भाषा ती रात्री जेवणानंतर मोबाईलवरून शिकली. पाठीवरची एक मोठी पिशवी घेतली. बरोबर येणार होती दुकानातलीच एक मैत्रीण. निघायला आठ दिवस राहिले आणि मैत्रिणीने शेपूट घातली.

"मी येते," आई म्हणाली.

आई नुकतीच निवृत्त झाली होती. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर. "आयुष्यभर बसमध्ये उभी राहिले. एकदा बसून बघते कसं वाटतं."

आईवर भिंगरीचा जीव होता, पण तो घरात. घराबाहेर आई म्हणजे कंडक्टरबाई, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. आई बसमध्ये चढली की ती बस आईची होते. झालंही तसंच. पहिल्याच देशात आईने एका धडधाकट माणसाला खुणेने उठवून गरोदर बाईला जागा दिली. दुसऱ्या देशात ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो म्हणून सबंध घाटभर जीभ टाळूला लावून चुकचुकत राहिली. एका खोलीत आठ पलंग अशा स्वस्त मुक्कामांत ती खालचा पलंग धरायची, पहाटे बादलीत दोघींचे कपडे पिळायची आणि बसच्या खिडकीला पिना लावून वाळत घालायची. पाव, उकडलेली अंडी आणि केळी ह्यांवर पंधरा-पंधरा दिवस काढायची आणि वर म्हणायची, "ड्यूटीवर असताना एवढंही मिळायचं नाही."

भिंगरीला लाज वाटायची ती मोजणीची. गाडी कुठेही थांबून निघाली की आई उभी राहायची आणि बोट पुढे करून एकेक डोकं मोजायची. मोठ्याने. सगळी बस वळून बघायची.

"आई, तू रिटायर झालीयेस."

"मी झालेय. बोट नाही झालं."

जित्याची खोड, दुसरं काय. चौथा देश येईपर्यंत भिंगरीने त्या वेळी खिडकीबाहेर बघायची सवय लावून घेतली होती.

चौथ्या देशाचा व्हिसा होता पंधरा दिवसांचा. सीमेकडे जाणारी बस आठवड्यातून दोनदाच सुटायची, आणि त्यांना मिळाली ती नेमकी पंधराव्या दिवशीची. सीमेवर परदेशी लोकांची खिडकी संध्याकाळी पाचला बंद व्हायची. गाडीत परदेशी ह्या दोघीच. बाकीचे इथलेच, त्यांना सातपर्यंत मुभा होती. म्हणजे पाचच्या आत पोचलं तर पाचवा देश आणि दीड दिवसावर समुद्र. नाही पोचलं तर व्हिसा संपला, आणि सगळंच संपलं. भिंगरी सकाळपासून घड्याळ आणि रस्ता एवढंच बघत होती.

दुपारी गाडी एका पत्र्याच्या खाणावळीपाशी थांबली. चारी बाजूंना उजाड माळ, झाड म्हणून नाही. मागच्या बाजूला पाण्याचे नळ होते. लोक जेवले, हातपाय धुतले, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला आणि गाडी निघाली. ह्या गाडीवर कंडक्टर नव्हता. ड्रायव्हरच तिकीट फाडायचा, तोच टपावर सामान चढवायचा.

आई जागेवर बसून भरलेल्या बाटल्यांची झाकणं घट्ट करत होती. त्यामुळे तिची मोजणी जरा उशिरा झाली. गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटं पुढे आली होती. आईने एकदा मोजलं. मग मागून पुढे मोजलं.

"सदतीस," ती म्हणाली. "सकाळपासून अडतीस आहेत. एक माणूस मागे राहिलाय. ड्रायव्हरला सांग."

"अगं, स्वतःला मोजायचं विसरली असशील."

"मी स्वतःला कधीच मोजत नाही. कंडक्टर प्रवासी असतो का? सकाळीही मोजलं नव्हतं, आताही नाही. चूक असेल तर दोन्ही वेळची सारखीच असेल की. मग एक कमी कसा होईल?"

भिंगरी उठली आणि दांडे धरत पुढे ड्रायव्हरपाशी गेली. चाळिशीचा, टोपी घातलेला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस होता. आणि तिथे उभं राहून तिने विचारलं काय? तर, "सीमेवर किती वाजता पोचू?"

"मध्ये कुठे थांबलो नाही तर साडेचार," ड्रायव्हर म्हणाला.

भिंगरी परत येऊन बसली. "तो म्हणतो, सगळे आहेत."

भिंगरी ही काही खोटारडी मुलगी नव्हती. दुकानात नंबर पाव चुकला तरी काच परत घासायला घेणारी. पण दोन वर्षं शिजवलेला घास तोंडाशी आला होता, आणि मागे राहिलेला माणूस तिने पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्या माणसाबाबत आपण सगळेच जरा कोडगे असतो.

आईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. उठली आणि उलट्या दिशेने, मागे निघाली. एकेक बाक बघत गेली. शेवटून दुसऱ्या बाकावर, खिडकीपाशी, एक जाडजूड तपकिरी कोट टेकवून ठेवला होता आणि त्याच्या मांडीवर ठेवावं तसं एक गाठोडं. लांबून माणूस बसल्यासारखाच दिसत होता, फक्त डोकं नव्हतं. शेजारचा प्रवासी तोंडावर टोपी ओढून झोपला होता.

आई तशीच फिरली आणि सरळ ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली. पिशवीच्या कुलपाची किल्ली तिने लोखंडी दांड्यावर आपटली. एकच ठोका.

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. का दाबला हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. एक ठोका म्हणजे थांबायचं, हे त्याच्या पायाला कुठल्यातरी जुन्या नोकरीतून ठाऊक होतं.

मग व्हायचा तो गोंधळ झाला. पुढचे ओरडू लागले, मागचे विचारू लागले. आईने ड्रायव्हरला बाही धरून मागे नेलं आणि कोट उचलून दाखवला. ड्रायव्हरने झोपलेल्याला हलवलं. तो डोळे चोळत म्हणाला की इथे एक म्हातारा होता, एका कानाने बहिरा. ड्रायव्हरचं तोंड उतरलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि भिंगरीकडे वळून विचारलं, "तुझी आई हेच सांगत होती का मघाशी?"

"हो," भिंगरी म्हणाली. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"आता काय विचारतोय तो?" आई म्हणाली.

"परत वळवू का म्हणतो."

"त्यात विचारायचं काय?"

भिंगरीने हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं. अरुंद रस्त्यावर चार वेळा मागेपुढे करून ड्रायव्हरने गाडी वळवली. लोक कुरकुरले, पण कोणी अडवलं नाही.

म्हातारा खाणावळीत थांबला नव्हता. गाडीच्या मागे चालत निघाला होता, भर उन्हात, सदऱ्यावर, हातात अर्धा पाव घेऊन. त्यापुढची बस तीन दिवसांनी होती. गाडी थांबली तशी तो चढला, आणि आभार वगैरे राहिले बाजूला, त्याने सगळ्या बसला झाडायला सुरुवात केली. ड्रायव्हरला, झोपाळू शेजाऱ्याला, समोर उभ्या असलेल्या आईलाही. आई मान डोलवत ऐकत होती. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "मी तर ह्याहून ओरडले असते." मग तिने त्याला बाटली दिली. म्हातारा घटाघटा पाणी प्यायला, कोट छातीशी धरून बसला आणि थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले. आई त्याच्या शेजारी जाऊन बसली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण सीमा येईपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं.

भिंगरी एकटी पुढे बसली होती. रस्त्याकडे बघत नव्हती, घड्याळाकडे तर नाहीच. ती आईकडे बघत होती. पाच फूट उंची, पांढरी वेणी, पायात घरातल्यासारख्या चपला. ह्या बाईला इथली पाटी वाचता येत नव्हती, 'पाणी' हा शब्द येत नव्हता, आणि तिने परक्या मुलखात परकी गाडी मागे फिरवली होती. शाळेच्या दारात आईची बस दिसली की आपण मैत्रिणींच्या आड लपायचो, हे भिंगरीला आठवलं आणि आपल्याच मुस्कटात मारून घ्यावी असं वाटलं. आणि अभिमानही वाटला, इतका की शेजारच्या अनोळखी बाईला तिने उगाचच सांगितलं, "ती माझी आई आहे."

"दिसतंय की," बाई म्हणाली. "नाक तेच आहे."

सीमेवर पोचायला पाच वाजून वीस मिनिटं झाली. परदेशी लोकांची खिडकी बंद होती, पण अधिकारी आत कागद आवरत बसला होता. भिंगरीने काचेवर टकटक केली. आईला तिने सामानापाशी बाकावर बसवलं होतं, म्हातारा तिथेच होता. ड्रायव्हर मात्र आपली वही घेऊन भिंगरीच्या मागे येऊन उभा राहिला.

अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. "गाडीच्या चुकीने उशीर झाला असेल तर मला आजचा शिक्का मारता येतो," तो म्हणाला. "तसं ड्रायव्हरच्या वहीत लिहायचं आणि दोघांनी सही करायची. उशीर तुमच्यामुळे झाला असेल, तर व्हिसा संपला. पुढे सोडता येणार नाही. आलात त्या वाटेने परत जायला सात दिवस देईन." मग त्याने वही चाळली आणि ड्रायव्हरकडे बघितलं. "तुझ्या नावावर दोन शेरे आहेत. हा तिसरा. तिसऱ्याला गाडी काढून घेतात, ठाऊक आहे ना?"

"लिहा," ड्रायव्हर म्हणाला. "मी मोजायला हवं होतं. चूक माझीच."

त्याने पेन भिंगरीसमोर ठेवलं. चूक त्याचीच होती. भिंगरीने काही खोटं लिहायचं नव्हतं. दीड दिवसावर समुद्र होता, एका सहीवर.

पण काचा घासणाऱ्या मुलीला एवढं तरी दिसतंच. ड्रायव्हर विसरला म्हणून उशीर झाला नव्हता, परत फिरला म्हणून झाला होता. विसरून तसाच पुढे आला असता तर साडेचारला पोचला असता, आणि वही कोरी राहिली असती. एक म्हातारा माळावर राहिला असता, आणि तो कुठल्याच वहीत येत नाही. आणि ज्या वेळी खरं सांगायचं होतं त्या वेळी खोटं कोण बोललं होतं, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

"गाडी वेळेवर होती," ती म्हणाली. "उशीर आमच्यामुळे झाला."

अधिकाऱ्याने तिच्याकडे आणि ड्रायव्हरकडे आळीपाळीने पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

त्याने सात दिवसांचा शिक्का मारला. ड्रायव्हरने वही छातीशी धरली. मग तो टोपीने तोंड पुसत निघून गेला.

भिंगरी बाकाकडे गेली. आईने तिचं तोंड लांबूनच पाहिलं होतं.

"नाही सोडत?"

"नाही. परत जायचं." मग तिने सगळं सांगितलं, वहीचं, पेनाचं, तिसऱ्या शेऱ्याचं. ते सांगून झाल्यावर खाली बघत म्हणाली, "आणि दुपारी तो ड्रायव्हर, सगळे आहेत, असं म्हणाला नव्हता. मी त्याला विचारलंच नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," आई म्हणाली. "तीस वर्षं माणसांची तोंडं बघून बिनतिकिटाचे ओळखलेत. तू तर माझी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलण्यात वेळ गेला असता."

भिंगरीला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. समुद्र राहिला तो राहिलाच, त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. आईने तिला शेजारी जागा करून दिली.

"ज्यांच्या भरवशावर डोळे मिटून ड्यूटी करावी, असे दोनच जण मला सबंध नोकरीत भेटले," मग ती म्हणाली. "तू तिसरी."

भिंगरी शाळेत पहिली आली तेव्हा आई एवढंच म्हणाली होती की पुढच्या वर्षीही ये. आज भिंगरी बाकावर पाठ ताठ करून बसली. समोरच्या फाटकाला कुलूप लावायला माणूस आला, त्याचं लावून होईपर्यंत ती तशीच ताठ बसून होती.