चढावर न थांबलेली मोटर

लळिंग घाटाच्या पायथ्याशी, मालेगावच्या अंगाला लोटन राहायचा. कापसाच्या भरल्या गाड्या धुळ्याकडे निघाल्या की चढाला तो आपली जोडी पुढे जुंपायचा.

पहिली मोटर आली तेव्हाही त्याचं काम सुटलं नाही. निम्म्या चढावर तिचं पाणी उकळायचं, उतारू खाली उतरायचे आणि लोटनचे बैल तिला दोराने ओढायचे. मोटरमालक बन्सीलालशेठ त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "लोटनभाऊ, माझा धंदा तुझ्या जिवावर चाललाय."

पुढे सडक रुंद झाली. शेठनी नव्या मोटरी आणल्या, त्या आपल्या बळावर चढू लागल्या. कापूसही लॉरीतून जायला लागला. लोटनने एक बैल विकला.

त्या उन्हाळ्यात त्याची बायको भिकुबाई अडली. सुईणीने धुळ्याच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, "धुयाले लई जा." गावातल्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेल्या. भावकीतल्या माणसांनी तिला बाजेवर घालून सडकेवर आणलं. ते चढाला लागले, तोच मागून मोटर घरघरत आली. लोटन आडवा झाला.

"थांबाड भाऊ! बाई अडेल शे!"

"चढावर थांबलो तर गाडी निघणार नाही! वर या!" ड्रायव्हर ओरडला. लोटनने बाजूला उडी मारली. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या शेठनी त्याला ओळखलं आणि मान वळवली.

बाज वर पोचली तेव्हा तिथे मोटर नव्हती. खांद्यावरूनच तिला धुळ्याला नेलं. भिकुबाई वाचली. मूल मेलेलंच जन्मलं.

लोटन शेठच्या पेढीवर गेला. शेठ म्हणाले, "अरे, गाडीभर माणसं होती. वर जरा थांबलो होतो आम्ही." त्यांनी चहा मागवला. लोटन तो प्यायला. कप तसाच ठेवून उठायला हवं होतं, हे त्याला घाटात आल्यावर सुचलं. मग तो सडकेच्या कडेला बसून रडला.

दिवाळीला भिकुबाई माहेरी, नरडाण्याला निघाली. लोटन म्हणाला, "त्या मोटरमा बसू नको. आपन पायी जाऊत."

"माले मोटरमाच जानं शे," ती म्हणाली. "तुमना बैलस्नी तरी मन्हं पोर कुठे वाचाडं?"

पायथ्याशी मोटर थांबली. भिकुबाई चढली, पदर ओढून बसली. तिने मागे पाहिलं नाही. लोटन खडी फोडणाऱ्यांकडे वळला. आता त्या सडकेवर त्याला तेवढंच काम मिळत होतं.